हॉइट गँडीची तीनशे पावलं

हॉइट गँडी आमच्या पॉवेल मिल गावच्या नगरपालिकेत अठ्ठावीस वर्षं कारकून होता. दर महिन्याच्या सभेचं इतिवृत्त तो लिहायचा, आणि सभेत जे मोठ्याने बोललं गेलं तेच त्यात लिहायचा. कुणी कानात कुजबुजलेलं, दाराबाहेर सिगरेट ओढताना ठरवलेलं काहीही त्यात यायचं नाही. असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलं होतं. कारकून सभेत बोलत नसतो. त्यामुळे बावीस जाड वह्यांमध्ये सगळ्या गावाची नावं आहेत, भुंकणाऱ्या कुत्र्यांचीसुद्धा आहेत, आणि हॉइटची फक्त सही आहे.

मी शेजारच्या खिडकीत पाण्याची बिलं घ्यायचे. मधे एक पातळ भिंत आणि नेहमी उघडं असलेलं दार. दुपारी तो टोमॅटोचं सँडविच खायचा, कडा काढून. कडा कागदात गुंडाळून घरी न्यायचा, कोंबड्यांना. बुटका माणूस. शर्टाला खळ. हेवा हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण हेवा त्याच्यात विहिरीतल्या पाण्यासारखा होता. वरून काही हलायचं नाही, आणि बादली टाकली की दर वेळी नेमक्या तेवढ्याच खोलीवर लागायचा.

हेवा लॅमार टिस्डेलचा.

लॅमार आमचा नगराध्यक्ष. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. नांगराचे फाळ, रंगाचे डबे, बंदुका, काडतुसं सगळं एकाच छपराखाली. उंच, मोठ्या आवाजाचा, चर्चमध्ये गाताना शेवटचा सूर सगळ्यांच्या नंतर सोडणारा. शाळेत तो हॉइटच्या तीन वर्षं पुढे होता. हॉइट सैन्यात गेला तेव्हा टंकलेखनाच्या टेबलावर बसला; लॅमार सैन्यात गेलाच नाही, तरी परेडच्या दिवशी झेंडा लॅमारच्या हातात असायचा. याची सवय होते माणसाला. हॉइटलाही झाली असती. पण मग शहाऐंशी साल आलं.

त्या वर्षी होल्यांच्या शिकारीचा पहिला शनिवार होता. भुईमूग नुकताच काढलेला, रानात सांडलेल्या शेंगांवर होल्यांचे थवे उतरतात, आणि त्या दिवशी दुपारी बारा वाजल्यापासून गावातला प्रत्येक पुरुष बंदूक घेऊन शेताच्या कडेला बादली उलटी घालून बसतो. हॉइटसुद्धा बसायचा. शेताला लागूनच मुलांचं बेसबॉलचं मैदान. कुणीतरी खाली उडणाऱ्या पाखरावर बंदूक झाडली, छर्रे मैदानावर आले, आणि बटाट्याचं सॅलड वाढत उभ्या असलेल्या मिस ओला पेट यांचा डावा डोळा गेला. कुणाची गोळी ते गावाने विचारलं नाही. सगळ्यांच्याच बंदुका गरम होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चनंतर हॉइट एकटाच मैदानावर गेला. त्याची बायको व्हर्डी बहिणीच्या आजारपणासाठी मोबील शहरी गेली होती. त्याने मैदानाच्या कुंपणापासून शेतात चालायला सुरुवात केली आणि मोजत गेला. तीनशे पावलांवर तो थांबला, वळून पाहिलं. इथून छर्रे पोचणार नाहीत, असं त्याला वाटलं. घरी येऊन मागच्या ओसरीवर बसून त्याने नियम लिहिला. मैदानापासून तीनशे पावलांच्या आत कुणी बंदूक नेऊ नये, झाडू नये. आणि वर एक वाक्य, कायद्यात असतं तसं नसलेलं: ‘मैदानावर धावणाऱ्या मुलाने वर पाहिलं तर त्याला फक्त चेंडू दिसावा, म्हणून हा नियम.’

सोमवारी तो कागद त्याने लॅमारला दिला. दुसरं काय करणार? कारकून बोलत नसतो. सभेत लॅमारने उभं राहून तो वाचला. त्या वाक्याशी आला तेव्हा त्याचा आवाज जड झाला. बायकांनी डोळे टिपले. मागून कुणीतरी विचारलं, “तीनशे पावलं ठीक आहे लॅमार, पण पाय कुणाचे?”

“माझे!” लॅमार म्हणाला. हशा झाला, टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले. हॉइटने ते सगळं वहीत लिहिलं, कारण ते सगळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी लॅमारने स्वतःच्या लांब टांगांनी मोजून खांब पुरला. हॉइटच्या जागेपासून जवळजवळ शंभर फूट पुढे. खांबावर पाटी लागली: ‘लॅमारची हद्द. बंदूक इथून पुढे नाही.’

व्हर्डी मोबीलहून परत आली तेव्हा हॉइटने तिला सांगितलं की नियम त्याने लिहिलाय. “बरं केलंस,” ती म्हणाली, “लॅमारला तेवढीच मदत.”

मदत. तो शब्द त्याने मला वीस वर्षांनी सांगितला, आणि सांगतानासुद्धा सँडविच खाली ठेवलं.

पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला की बंदुकीबद्दल नियम करायचा हक्क फक्त राज्याचा. गावांचे, जिल्ह्यांचे सगळे नियम बाद. पत्र आलं. हॉइटने ते लॅमारला दाखवलं. लॅमार म्हणाला, “वहीत आहे तर राहू दे. वहीला काय खायला लागतं?” तेव्हापासून चोवीस वर्षं आमच्या गावाने एक मेलेला नियम पाळला. खांबाच्या अलीकडे कुणी बंदूक आणली नाही. शिपाई नव्हता, दंड नव्हता. तो नियम नुसत्या शब्दांवर चालला होता, आणि ते शब्द कुणाचे हे एका माणसाला विसरता येत नव्हतं.

दोन हजार अकराच्या ऑगस्टमध्ये मिस रेनफ्रो आली. नगरपालिकेची वकील, जिल्ह्याच्या गावी राहते, तिशीची असेल. लॅमार, हॉइट आणि मी, एवढेच होतो. तिने फाइल उघडली.

“सत्याऐंशीपासून हा नियम बेकायदा आहे, ते तुम्हाला माहीत आहेच,” ती म्हणाली. “आता नवीन काय, तर एक ऑक्टोबरनंतर असा नियम जो चालू ठेवेल त्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड. स्वतःच्या खिशातून. आणि गव्हर्नर त्याला खुर्चीवरून काढू शकतात.”

“त्याला म्हणजे मला?” लॅमारने विचारलं.

“पाटीवर नाव कुणाचं आहे, सर?”

लॅमारने मिशीवरून बोट फिरवलं. मिस रेनफ्रो नियम वाचत होती. “तीनशे पावलं! अहो, पावलं? कुणाची?”

“माझी!” लॅमारने मांडीवर थाप मारली. पंचवीस वर्षांनी तोच विनोद, तीच थाप.

ती हसली, मग पुन्हा वरचं वाक्य वाचलं, आणि हसायची थांबली. “हे वाक्य फार चांगलं आहे. मला नसतं सुचलं. कुणी लिहिलंय?”

हॉइटचं पेन थांबलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि तो लॅमारकडे पाहत होता. ताटात कुणी वाढेल म्हणून वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखा.

“अगं, झाली की पंचवीस वर्षं,” लॅमार म्हणाला. “सगळ्यांनी मिळून केलं. तेव्हा गावात एकी होती.”

नियम रद्द करायला सव्वीस सप्टेंबरची सभा ठरली. त्याआधी किमान दहा दिवस साप्ताहिकात जाहीर सूचना यायला हवी, नाहीतर रद्द केलेलंही रद्द. साप्ताहिक गुरुवारी निघतं, आणि मजकूर मंगळवारी दुपारी बाराच्या आत त्यांच्या खिडकीवर पोचावा लागतो. सूचना पाठवणं हे कारकुनाचं काम. मिस रेनफ्रोने दोनदा बजावलं. “सहा तारखेला पाठवा, मिस्टर गँडी. तेरा तारीख शेवटची.”

आठ तारखेचं साप्ताहिक आलं. मी शेवटचं पान पाहिलं. सूचना नव्हती.

“हॉइट, आपलं कुठाय?”

“राहिलं.”

“राहिलं म्हणजे?”

“सोमवारी लेबर डेची सुट्टी होती. मंगळवारी घाई झाली.”

अठ्ठावीस वर्षांत हॉइटचं काही राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तो बाहेर गेला तेव्हा मी त्याचा खण उघडला. पाकीट तिथेच होतं. पत्ता घातलेलं, चिकटवलेलं. तो परत आला तेव्हा मी ते त्याच्या टेबलावर ठेवलं.

“तुझ्या घाईला तिकीटसुद्धा लावलेलं आहे.”

त्याने पाकीट उचललं, पुन्हा खणात ठेवलं. “ट्वायला, तू बिलं घे.”

“आणि तेरा तारखेलाही राहिलं तर?”

“तर राहिलं.”

“लॅमारची खुर्ची जाईल, हॉइट.”

“पाटीवर नाव त्याचं आहे,” तो म्हणाला. “मी नाही लावलं.”

त्याचा आवाज अगदी साधा होता. तो चिडलेला नव्हता. इतकी वर्षं लॅमारला नियमाचं श्रेय मिळालं, तर शिक्षाही त्यालाच मिळू दे. हिशेब इतका सरळ होता की मला त्यात चूक दाखवता येईना, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटली. चार दिवस तो शांत होता. सुखी होता म्हणा. सोमवारी त्याने सँडविचच्या कडासुद्धा खाल्ल्या.

त्याच दिवशी दुपारी लॅमार आला. हातात उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी. तो हॉइटच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला, वहीला टेकून.

“हॉइट, त्या वकीलबाईचा फोन आला होता. पेपरात काही आलंच नाही म्हणे?”

“माझ्याकडून राहिलं,” हॉइट म्हणाला. “उद्या बारा ही शेवटची वेळ.”

लॅमारने एक शेंग फोडली, आतलं पाणी चोखलं.

“नको पाठवूस.”

“काय?”

“नको पाठवूस म्हणतोय. अरे, मी सकाळपासून विचार करतोय. येऊ दे की गव्हर्नरचं पत्र! काढू दे मला. सत्तर वर्षांचा झालो, खुर्ची आज ना उद्या जाणारच. शेजारच्या गावचा नगराध्यक्ष, तो बझ, त्याची कशाने गेली? मूळव्याधीने. माझी अशी जाईल! राजधानीहून, टॅलाहासीहून टीव्हीवाले येतील. मी पाटीपाशी उभा राहीन. मिस ओलाला शेजारी खुर्ची टाकून बसवीन, काळा चष्मा काढायला सांगून.”

“मिस ओला नाही काढायच्या,” मी म्हणाले.

“मी सांगितलं तर काढतील. आणि मग मी ते म्हणेन. कॅमेऱ्यात बघून. मैदानावर धावणाऱ्या मुलाने वर पाहिलं तर…” त्याने हात वर केला, छताकडे पाहिलं. त्याचे डोळे खरोखर ओले झाले. लॅमार खोटं कधी रडायचा नाही, हीच तर अडचण.

“दंड पाच हजारांचा आहे,” हॉइट म्हणाला.

“ह्या हंगामाच्या काडतुसांतच निघेल. ट्वायला, टोपी कुठली घालू? गवती की फेल्टची?”

“तोवर ऑक्टोबर असेल. फेल्टची,” मी म्हणाले.

“बघ! बाईमाणसाला कळतं.” तो उतरला, हॉइटच्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. टेबलावर ओल्या टरफलांचा ढीग.

हॉइटने टरफलं एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग रुमालाने टेबल पुसलं. मग पुन्हा पुसलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्याच्या हातात लॅमारविरुद्ध काही आलं होतं, आणि लॅमारने तेही शेंगेसारखं फोडून खाल्लं होतं.

मंगळवारी साडेदहापर्यंत तो खुर्चीत बसून होता. मी त्याच्याकडे पाहत नव्हते, म्हणजे पाहतच होते. पावणेअकराला तो उठला, खणातून पाकीट काढलं, ट्रकच्या किल्ल्या घेतल्या.

“कुठे?”

“जिल्ह्याला. पोस्टाने आता पोचणार नाही.”

मी खिडकीवर ‘येतेच’ची पाटी टांगली आणि त्याच्या मागे निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं. तीस मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंना उलथून वाळत टाकलेला भुईमूग, हवेत लाल धूळ. सहा मैल गेलो आणि पुढे शेंगांच्या गाडीचा ट्रॅक्टर. त्याच्या पुढे आणखी एक. बैलगाडीच्या चालीने. रस्त्याच्या मधे दुहेरी पिवळी रेघ. हॉइट गँडीने आयुष्यात ती ओलांडलेली नव्हती.

“लॅमारला वाचवतोयस, चांगलं करतोयस,” मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

“वाचवतोय?” तो हसला. मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. “तू त्याला टोपी सांगितलीस, ट्वायला.”

“त्याने विचारली.”

“गावातले चारशे लोक ते वाक्य त्याचं म्हणतात. चारशे मी गिळले. आता सगळं राज्य म्हणेल. लोक ते कापून फ्रिजवर लावतील, खाली त्याचं नाव. शाळेत मुलं पाठ करतील.” त्याने स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं, पोरीला रस्ता ओलांडून नेणाऱ्यासारखं. “त्यापेक्षा नियम मेला तर बरा. सहीशिक्क्याने मरू दे, शांतपणे, शेवटच्या पानावर.”

आणि त्याने रेघ ओलांडली. दोन्ही ट्रॅक्टर मागे पडले. समोरून काही आलं नाही, एवढंच आमचं नशीब.

साप्ताहिकाच्या खिडकीवर पोचलो तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. आतल्या मुलीने पाकीट उघडलं. “पूर्ण नियम छापायचा की फक्त शीर्षक? शीर्षक पुरतं.”

हॉइट कागदाकडे पाहत राहिला. त्याचं वाक्य, त्याच्या टंकलेखन यंत्रावर, स्वच्छ. छापलं असतं तर जिल्हाभर वाचलं गेलं असतं.

“शीर्षक,” तो म्हणाला.

सव्वीस तारखेला सभा भरली. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. मिस ओला पहिल्या रांगेत होत्या. मला वाटलं होतं लॅमार रुसून बसेल. टीव्हीवाले हुकले, टोपी वाया गेली. पण लॅमारला रुसणं जमत नाही. नियम रद्द करायचा ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, आणि तो उभा राहिला.

“मंडळी, एक सांगायचंय. मी म्हाताऱ्या खेचरासारखा हट्ट धरला होता. काढू दे मला, म्हणालो होतो. आणि ह्या माणसाने,” त्याने हॉइटकडे हात केला, “माझं ऐकलं नाही. मी नको म्हणालो असताना हा ट्रक काढून तीस मैल गेला. दुहेरी रेघ ओलांडून! हॉइट गँडी! माझी खुर्ची वाचवायला. साठ वर्षांची ओळख आमची. असा निष्ठावंत मित्र कुणाला मिळतो? हे इतिवृत्तात येऊ दे.”

रेघेचं त्याला मीच सांगितलं होतं. कौतुक म्हणून.

टाळ्या सुरू झाल्या. मिस ओला उठल्या, मग सगळे उठले. व्हर्डी मागच्या रांगेत रडत होती. “दोन शब्द बोल, हॉइट,” लॅमार म्हणाला. “बोल की. आज तरी.”

हॉइट उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला माहीत होतं त्याला काय बोलायचं आहे. ते एकच वाक्य होतं, सरळ, चार शब्दांचं. नियम मी लिहिला होता. मोठ्याने म्हटलं की ते वहीत गेलं असतं, कायमचं, आणि ते लिहायचा हक्क त्याचाच होता. त्याने तोंड उघडलं. टाळ्या थांबेनात. लोक त्याच्याकडे पाहत होते. त्याच्याकडेच, त्याच्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे नाही. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, थंडीतून आत आलेल्या माणसाचा होतो तसा. ते वाक्य बोललं असतं तर पुढचंही बोलावं लागलं असतं: मी ट्रक का काढला ते. आणि टाळ्या थांबल्या असत्या.

“आभारी आहे,” हॉइट म्हणाला, आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इतिवृत्त पक्कं करत होता. मी दारातून वाकून वाचलं. ‘नगराध्यक्षांनी कारकुनांच्या निष्ठेबद्दल त्यांचे आभार मानले. उपस्थितांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. कारकुनांनी आभार व्यक्त केले.’

“निष्ठा?” मी विचारलं.

“तो म्हणाला ना?”

“म्हणाला.”

“मग.” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “किती सोपं असतं गं, ट्वायला. नुसतं गप्प बसायचं.”

बाहेर पायऱ्यांवर लॅमारचा आवाज आला. गवत कापायचं यंत्र त्याच्या दुकानात दुरुस्तीला घेऊन चाललेल्या कुणा शेतकऱ्याला तो गाठून सांगत होता. “…पुढे ट्रॅक्टर. एक नाही, चार! शेंगांनी भरलेले. आणि समोरून लाकडाचा ट्रक, भोंगा वाजवत. हॉइटने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि…” तो शेतकरी ‘अरे बाप रे’ म्हणत होता. लॅमार ते फार छान सांगत होता. मी त्या ट्रकमध्ये होते, तरी मला पुढे काय झालं ते ऐकावंसं वाटलं.

हॉइटचं पेन थांबलं. तो मान वाकडी करून ऐकत होता, आणि त्याचे ओठ हलत होते, आकडा दुरुस्त करत: दोन. दोनच होते.